पार्श्वभूमी: विंडोजचे सुटे पॅच गेले आणि मासिक गठ्ठा आला

ऑफिसच्या विंडोज मशीनवर आज महिन्याला एक अपडेट येतं आणि ते आहे तसं घ्यावं लागतं. त्यातला एखादा तुकडा नको असेल तर तेवढाच वगळायची सोय नाही, अख्खं अपडेटच रोखून धरायचं. विंडोज १० मध्ये ही रीत जुलै २०१५ पासून, म्हणजे पहिल्या दिवसापासून आहे. विंडोज ७ आणि ८.१ वर ती ऑक्टोबर २०१६ मध्ये मागाहून लादली गेली, आणि खरा वाद तिथेच झाला. डब्ल्यूससला (कंपनीच्या नेटवर्कमध्ये अपडेट मंजूर करून वाटणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर) निरोप देण्याची जी चर्चा सध्या चालू आहे, तिची मुळंही त्याच वादात आहेत.

त्याआधीचा काळ थोडक्यात. विंडोज एनटी ४.० च्या दिवसांत सर्व्हिस पॅक, म्हणजे दुरुस्त्यांचा मोठा संच, हेच खरं अपडेट होतं. सुटे हॉटफिक्स (एकेका अडचणीवरचे पॅच) ज्याला अडचण येई त्यानं शोधून लावायचे. २००३ नं हे चित्र बदललं. जानेवारीत एसक्यूएल स्लॅमर हा नेटवर्कवरून पसरणारा वर्म आला, ऑगस्टमध्ये ब्लास्टर. स्लॅमरचा पॅच सहा महिने आधीच निघालेला होता, ब्लास्टरचा जेमतेम महिनाभर आधी. पॅच तयार होते, मशीनवर पोचले नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून पॅच सोडण्यासाठी महिन्याचा दुसरा मंगळवार ठरला, २००५ मध्ये डब्ल्यूसस आलं, आणि पुढची दहाएक वर्षं अॅडमिन मंडळींची घडी बसली. सुरक्षा बुलेटिनची यादी आली की वाचायची, पायलट ग्रुपला (चाचणीच्या मोजक्या मशीनना) अप्रूव्ह करायचं, आठवडाभर कोणी ओरडतंय का बघायचं, मग बाकीच्यांना सोडायचं. एखाद्या केबीनं (प्रत्येक अपडेटला केबी क्रमांक असतो) छपाई बिघडवली तर तेवढी एक डिक्लाइन, बाकी सगळं चालू.

ही घडी विस्कटली ती आतून. सुट्या पॅचची संख्या वर्षागणिक वाढत गेली. नवा पॅच जुन्याची जागा घेतो, म्हणजे जुना ‘सुपरसीड’ होतो; तो नवा पुढच्या महिन्यात आणखी कोणाकडून सुपरसीड होतो. ही साखळी तपासून मशीनला नेमकं काय लागेल ते ठरवायचं काम क्लायंटवरच्या अपडेट एजंटचं. २०१५-१६ पर्यंत त्या एजंटचा जीव मेटाकुटीला आला होता. विंडोज ७ एसपी१ नव्यानं टाकलं की ‘अपडेट तपासत आहे’ वर तासन् तास अडकून पडायचं. टास्क मॅनेजर उघडला की एसव्हीसीहोस्टनं (विंडोजच्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण गिळलेला, आणि मेमरी गिगाबाइटच्या घरात. यावर एक उपाय सर्रास चालायचा: विन३२के या कर्नल फाइलचा सर्वांत ताजा सिक्युरिटी पॅच मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या साइटवरून उतरवायचा, अपडेटची सर्व्हिस बंद करून तो हातानं लावायचा, आणि मगच पहिला स्कॅन सुरू करायचा. त्या फाइलला हात लावणारे पॅच इतके साठले होते, की शेवटचा बसवला की साखळीचा मोठा भाग गळून पडायचा.

मे २०१६ मध्ये यावर उतारा म्हणून ‘कन्व्हीनियन्स रोलअप’, म्हणजे अनेक पॅचचं एकत्र पुडकं, निघाला, केबी ३१२५५७४. एसपी१ नंतरचं एप्रिल २०१६ पर्यंतचं बहुतेक सगळं त्यात होतं. सर्व्हिस पॅक २ म्हणायला हरकत नव्हती, पण ते नाव काही दिलं गेलं नाही. शिवाय तो लावण्याआधी एप्रिल २०१५ चं सर्व्हिसिंग स्टॅक अपडेट (अपडेट बसवणाऱ्या यंत्रणेचंच अपडेट) मशीनवर असणं सक्तीचं होतं. ही ‘आधी हे, मग ते’ भानगड पुढे बरीच वर्षं पिच्छा पुरवणार होती.

ऑगस्ट २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टची घोषणा झाली: विंडोज ७ आणि ८.१ साठी ऑक्टोबरपासून सुटे पॅच बंद. कंपनीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. प्रत्येक ठिकाणी वेगवेगळे पॅच वगळलेले असल्यानं दोन मशीन सारखी नसत. चाचणी व्हायची ती सगळे पॅच बसलेल्या मशीनवर आणि बिघडायची ती अर्धे पॅच बसलेली. स्कॅनचा वेळ वाढण्याचं कारणही तेच दिलं गेलं. तांत्रिकदृष्ट्या यातलं काहीच खोडून काढता येत नाही.

पण वेळ वाईट निवडली होती. विंडोज १० घ्या म्हणून गळ्यात पडणारं केबी ३०३५५८३ हे २०१५ मध्ये ‘रेकमेंडेड’ अपडेट म्हणूनच आलेलं. जानेवारी २०१६ मध्ये तर डोमेनमधल्या (कंपनीच्या नेटवर्कला जोडलेल्या), पण अपडेट थेट इंटरनेटवरून घेणाऱ्या मशीनवरही ते दाखवायचं ठरलं. टेलिमेट्रीची (मशीनच्या वापराची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवणारी) अपडेट्सही त्याच वाटेनं येत होती. ज्यांनी वर्षभर एकेक केबी वेचून डिक्लाइन केली, त्यांनाच आता ‘सगळं एका पुडक्यात घ्या’ असं सांगितलं जात होतं. विरोध रोलअपच्या कल्पनेला होता त्याहून अधिक पुडकं बांधणाऱ्यावरच्या अविश्वासापोटी होता, असं माझं मत आहे.

तडजोड म्हणून तीन पुडकी ठरली. पहिलं मंथली रोलअप: सिक्युरिटी आणि इतर दुरुस्त्या, मागच्या महिन्यांसकट. दुसरं सिक्युरिटी-ओन्ली: फक्त त्या महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्या, मागचं काही नाही, आणि मिळणार फक्त डब्ल्यूसस किंवा कॅटलॉगवर. तिसरं पुढच्या रोलअपची प्रिव्ह्यू, तिसऱ्या मंगळवारी. कमीत कमी बदल हवेत अशा मोठ्या नेटवर्कनी साहजिकच दुसरं निवडलं.

आणि तिथेच सुपरसीडचा घोळ झाला. मंथली रोलअपमध्ये सिक्युरिटी-ओन्लीमधलं सगळं असतं, म्हणून मेटाडेटामध्ये रोलअप त्याला सुपरसीड करतं अशी नोंद केली गेली. कागदावर बरोबर. पण एससीसीएममध्ये (मोठ्या नेटवर्कवरची मशीन सांभाळण्याचं मायक्रोसॉफ्टचं साधन) सुपरसीड झालेलं अपडेट ताबडतोब एक्स्पायर करण्याची सेटिंग असते, आणि ती बऱ्याच ठिकाणी चालू होती. एक्स्पायर झालेलं अपडेट नव्यानं डिप्लॉय करता येत नाही. ज्यांच्यासाठी सिक्युरिटी-ओन्ली काढलं, त्यांच्याच कन्सोलमधून ते नाहीसं व्हायला लागलं. ऑक्टोबरचं पुडकं पायलटमध्ये असतानाच नोव्हेंबरचा रोलअप आला की मूळ अपडेट करडं पडायचं. आता करा काय ते.

डिसेंबर २०१६ मध्ये माघार घेतली गेली. यापुढे मंथली रोलअप सिक्युरिटी-ओन्लीला सुपरसीड करणार नाही असं जाहीर झालं, आणि नोव्हेंबरच्या रोलअपची नोंदही बदलली. मेटाडेटातली एक ओळ काढायला दोन महिने लागले. पण ती काढल्यानं दुसरी गुंतागुंत आली. आता डब्ल्यूससच्या नजरेत ही दोन्ही स्वतंत्र अपडेट होती, त्यामुळे ‘सिक्युरिटी अपडेट्स’ वर्गाला सरसकट ऑटो-अप्रूव्ह लावलेल्या सर्व्हरवर दोन्ही उतरायची आणि डिस्क भरायची. शिवाय २०१७ च्या सुरुवातीला इंटरनेट एक्सप्लोररच्या दुरुस्त्या सिक्युरिटी-ओन्लीमधून बाहेर काढल्या गेल्या. म्हणजे ‘एकच अपडेट घ्या’ म्हणणाऱ्यांना महिन्याला दोन अपडेट अप्रूव्ह करायची होती, आणि दुसरं राहिलं तर कोणी सांगणार नव्हतं.

या फरकाची खरी कसोटी वॉनाक्राय या खंडणीखोर वर्मनं घेतली. त्यानं वापरलेलं भोक एमएस१७-०१० या बुलेटिनच्या पॅचनं १४ मार्च २०१७ ला बुजवलं होतं. हल्ला झाला १२ मे रोजी. त्या दिवशी प्रत्येक अॅडमिनला एकच प्रश्न विचारला गेला: आपली मशीन पॅच्ड आहेत का? विंडोज ७ पुरतं उत्तर असं: मार्चचं सिक्युरिटी-ओन्ली, म्हणजे केबी ४०१२२१२, बसलेलं हवं; किंवा मार्चचा रोलअप ४०१२२१५; किंवा त्यानंतरचा कोणताही रोलअप, एप्रिलचा ४०१५५४९ किंवा मेचा ४०१९२६४. पण एप्रिलचं सिक्युरिटी-ओन्ली ४०१५५४६ असेल आणि मार्चचं राहून गेलं असेल, तर मशीन उघडीच. एप्रिलची तारीख बघून ‘ताजं आहे’ असा शेरा मारणाऱ्या रिपोर्टांनी तेव्हा अनेकांना खोटा दिलासा दिला असणार. रोलअपवाल्यांचं बरं होतं. एक महिना चुकला तरी पुढच्या महिन्यात भरपाई व्हायची. सुट्या पॅचच्या समर्थकांनी ही बाजू कधी मोठ्यानं मान्य केली नाही.

दुसऱ्या बाजूनंही शब्द पाळला गेला नाही. जुलै २०१९ च्या विंडोज ७ च्या सिक्युरिटी-ओन्ली अपडेटमध्ये, केबी ४५०७४५६, कंपॅटिबिलिटी अप्रेझर आढळला. हा टेलिमेट्रीचा तोच घटक, जो टाळण्यासाठी लोक तीन वर्षं हे पुडकं निवडत होते. पुढच्या जानेवारीत विंडोज ७ चा नियमित सपोर्टच संपला, त्यामुळे हा वाद निकाली न निघताच विरला.

विंडोज १० मध्ये असा पर्याय कधीच नव्हता, म्हणून तिथली भांडणं वेगळी: आकार आणि क्रम. क्युम्युलेटिव्ह (मागच्या सगळ्या दुरुस्त्या सामावणारं) अपडेट महिन्यागणिक फुगत गेलं आणि एक जीबीच्या पुढे गेलं. मग एक्स्प्रेस फाइल्स आल्या, ज्यात क्लायंट हवा तेवढाच भाग खेचायचा, पण डब्ल्यूससवर मात्र पूर्ण फाइलपेक्षा कितीतरी मोठा साठा ठेवावा लागायचा. डेल्टा अपडेट (फक्त मागच्या महिन्यापासूनचा फरक) आली आणि एप्रिल २०१९ मध्ये बंद झाली. विंडोज १० च्या १८०९ क्रमांकाच्या आवृत्तीपासून पॅकिंगच बदललं: मूळ आवृत्तीपासून पुढे जायचा फरक आणि परत मागे यायचा फरक, एवढंच अपडेटमध्ये. विंडोज ११ मध्ये मागे यायचा फरक क्लायंट स्वतःच तयार करू लागला आणि आकार सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. सर्व्हिसिंग स्टॅक वेगळं अप्रूव्ह करण्याची कटकट २०२१ मध्ये संपली, तेही विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून पुढे. त्याआधी स्टॅक राहिलं म्हणून ‘लागू नाही’ दाखवणारी मशीन शोधण्यात किती दुपारी गेल्या, ते ज्याचं त्याला ठाऊक.

मार्च २०२३ मध्ये यूयूपी ही अपडेट बांधण्याची नवी पद्धत डब्ल्यूससवर आली. त्यासाठी सुरुवातीला सुमारे १० जीबीचा एकदाचा साठा उतरवावा लागला आणि आयआयएसमध्ये (डब्ल्यूससखालचा वेब सर्व्हर) नवे माइम टाइप, म्हणजे फाइलप्रकारांच्या नोंदी, हातानं घालावे लागले. न घातले तर डाउनलोड अडायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये विंडोज ११ २४एच२ साठी चेकपॉइंट क्युम्युलेटिव्ह अपडेट आलं. आता फरक मूळ आवृत्तीपासून न मोजता अलीकडच्या चेकपॉइंटपासून मोजला जातो. आकार आटोक्यात राहतो, पण कॅटलॉगवरून हातानं लावणाऱ्याला एकाऐवजी दोन-तीन फाइल्स योग्य क्रमानं घ्याव्या लागतात. कन्व्हीनियन्स रोलअपच्या वेळची ‘आधी हे, मग ते’ भानगड ती हीच.

सप्टेंबर २०२४ मध्येच डब्ल्यूससमध्ये नवी भर पडणार नाही हे जाहीर झालं. ते बंद केलेलं नाही, पण कल स्पष्ट आहे: अपडेट क्लाउडवरून घ्या, अॅडमिननं फक्त रिंग (कोणत्या गटाला आधी, कोणाला नंतर) आणि मुदती ठरवायच्या. जोडीला हॉटपॅच, म्हणजे रीस्टार्ट न लागणारा पॅच. एप्रिल २०२५ पासून विंडोज ११ एंटरप्राइजवर ते मिळतं. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरला रीस्टार्ट लागणारी बेसलाइन आणि मधले दोन महिने रीस्टार्टविना.

ऑक्टोबर २०२५ मध्ये खुद्द डब्ल्यूससमध्येच गंभीर भोक सापडलं. दुसऱ्या मंगळवारची दुरुस्ती अपुरी पडली म्हणून २३ तारखेला तातडीचं क्युम्युलेटिव्ह अपडेट काढावं लागलं. ज्यांना लगेच रीस्टार्ट शक्य नव्हता त्यांच्यासाठी सल्ला होता की डब्ल्यूससचा रोल बंद करा किंवा ८५३० आणि ८५३१ पोर्ट अडवा. गंमत अशी की हे अपडेट हॉटपॅचवर असलेल्या काही सर्व्हर २०२५ मशीनलाही चुकून दिलं गेलं. ती हॉटपॅचच्या वाटेवरून बाहेर पडली, आणि जानेवारी २०२६ च्या बेसलाइनपर्यंत त्यांना दर महिन्याला नेहमीचं अपडेट घेऊन रीस्टार्ट करावं लागेल असं कळवण्यात आलं.