पशुवैद्यकीय व्यवसायाचे नियमन आणि प्राण्यांची मायक्रोचिप (भारत)

जनावरावर उपचार कोणी करायचे, दाखल्यावर सही कोणाची चालते आणि तो दाखला नेमका कोणत्या जनावराचा, असे तीन प्रश्न या विषयात येतात. पहिल्या दोहोंचे उत्तर भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ मध्ये आहे. तिसऱ्याचे उत्तर विखुरलेले आहे : गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी बिल्ला, पाळीव कुत्र्या-मांजरांच्या कातडीखाली मायक्रोचिप आणि नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच.

कायद्याची चौकट

पशुवैद्यकीय शिक्षण व व्यवसाय हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतील विषय आहे (नोंद १५). त्यामुळे संसदेने हा कायदा अनुच्छेद २५२ खाली, काही राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केल्यावर संमत केला. आरंभी तो हरियाणा, बिहार, ओरिसा, हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरता होता. महाराष्ट्राने तो नंतर स्वीकारला. राज्य पशुवैद्यक परिषदेचे कार्यालय नागपूरला आहे. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यक व पशुसंवर्धनाची पदवी आंतरवासितेसह (इंटर्नशिपसह) साडेपाच वर्षांची असून ती मिळाल्यावर राज्याच्या नोंदवहीत नाव चढते. तेच नाव पुढे भारतीय पशुवैद्यक व्यवसायी नोंदवहीत गेले की देशात कोठेही व्यवसाय करता येतो. नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण शुल्क भरून टिकवावी लागते. तारीख चुकून गेलेल्या डॉक्टरच्या सहीवर कोणी बोट ठेवले, तर कचाट्यात दाखला घेणाराही सापडतो.

कायद्याचा कणा म्हणजे कलम ३०. नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज इतर कोणालाही चार गोष्टी करता येत नाहीत : सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या दवाखान्यात पशुवैद्यकाचे पद धारण करणे, पशुवैद्यकीय व्यवसाय करणे, कायद्याने आवश्यक असलेल्या आरोग्य दाखल्यावर सही करणे आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देणे. यांपैकी दुसऱ्या गोष्टीला एक परंतुक, म्हणजे अपवादाची तरतूद, जोडले आहे. पशुधन पर्यवेक्षक किंवा तत्सम पदविका अथवा प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला राज्य सरकार आदेशाने ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देण्याची परवानगी देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी ही कायद्यातलीच उदाहरणे असून यादी वाढवण्याचा अधिकार राज्याला आहे. अट एकच, पण मोठी आहे : हे सारे नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशानुसार झाले पाहिजे.

महाराष्ट्रात वादाची ठिणगी याच अटीवर पडत आली. श्रेणी-१ च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पदवीधर पशुवैद्यक असतो. श्रेणी-२ चा दवाखाना वर्षानुवर्षे पदविकाधारक पर्यवेक्षकाने एकट्याने चालवला. रात्री दोन वाजता म्हैस अडली की ‘देखरेख’ फोनवरच होते आणि फोन लागला नाही तर तीही होत नाही. पर्यवेक्षकांचे म्हणणे असे की गावात प्रत्यक्ष पोचतो तो आम्हीच. पशुवैद्यकांचे म्हणणे असे की मायांग (गर्भाशय) बाहेर आल्यावर किंवा दुग्धज्वरात, म्हणजे व्यायल्यावर रक्तातले कॅल्शियम घटते तेव्हा, शिरेतून कॅल्शियम देताना हृदयाचे ठोके बिघडले तर निस्तरायला पदवीचे शिक्षण लागते. दोन्ही म्हणणी खरी आहेत. कायद्यातली व्याख्या मात्र त्यांच्या मध्ये कोठेतरी मोघम राहिली आहे.

बोगस डॉक्टरांवर कारवाई होऊ शकते, पण दंडाच्या रकमा १९८४ सालच्या असल्याने त्यांचा धाक उरलेला नाही. नुकसान मात्र दूरवर जाते. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुराचे कलेवर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. त्यानंतर माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जाऊ लागल्या. अखेर २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मि.लि.च्या एका मात्रेपुरती मर्यादित करावी लागली.

मायक्रोचिप : रचना व क्रमांक

पाळीव प्राण्यांत वापरली जाणारी नेहमीची चिप सुमारे १२ मि.मी. लांब व २ मि.मी. जाड काचेच्या कुपीत बसवलेली असते. तिला बॅटरी नसते. १३४.२ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या स्कॅनरच्या चुंबकीय क्षेत्रात ती जागी होते आणि फक्त आपला पंधरा अंकी क्रमांक सांगते. मालकाचे नाव, पत्ता, लसीकरण यांतले काहीही चिपमध्ये नसते. ती जीपीएसही नव्हे. हरवलेला कुत्रा ‘चिपवरून शोधून द्या’ अशी विनंती घेऊन येणारे बरेच असतात, म्हणून हे स्पष्ट सांगणे बरे.

क्रमांकाची रचना आयएसओ ११७८४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आणि वाचनाची पद्धत आयएसओ ११७८५ प्रमाणे असते. पहिले तीन अंक देशाचे (भारताचा संकेतांक ३५६) किंवा ९०० पासून सुरू होणारे उत्पादकाचे असतात. ९९९ हा संकेतांक चाचणीपुरता राखीव आहे, त्या चिपा प्राण्यात घालायच्या नसतात. अमेरिकेतून आलेल्या जुन्या कुत्र्यांत १२५ किलोहर्ट्झच्या नऊ किंवा दहा अंकी चिपा सापडतात. साधा आयएसओ स्कॅनर त्यांच्यापुढे मुका राहतो आणि ‘चिप नाही’ असा चुकीचा शेरा पडतो.

चिप घालण्याची रीत

आधी प्राणी पूर्ण स्कॅन करावा, कारण जुनी चिप असेल तर दुसरी घालू नये. मग पाकीट न फोडता नवी चिप स्कॅन करून तिचा क्रमांक बारकोडच्या स्टिकरशी ताडून पाहावा. जागा दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, पाठीच्या मध्यरेषेवर. युरोपात मानेच्या डाव्या बाजूला चिप घालण्याचाही प्रघात आहे आणि घोड्यात ती मानेच्या डाव्या बाजूने, आयाळीखालच्या स्नायुबंधात जाते. केस बाजूला करून जागा स्पिरिटने पुसावी व वाळू द्यावी. कातडी चिमटीत उचलून सुई तिरकी, पूर्ण आत घालावी, दट्ट्या शेवटपर्यंत दाबावा आणि सुई काढताना छिद्रावर बोट दाबून धरावे. लगेच पुन्हा स्कॅन करावे. सुई जाड असते, तरी भूल सहसा लागत नाही.

चुका ठरावीक आहेत. सुई अर्धवट आत असताना दट्ट्या दाबला की चिप केसांत राहते किंवा त्याच दिवशी छिद्रातून बाहेर पडते. कातडी नीट न उचलल्यास ती स्नायूत शिरते. काही चिपा महिनोन्महिने सरकत खांद्यावर, कोपरापर्यंत उतरतात. म्हणून तपासणाऱ्याने फऱ्यांवरून एकदा यंत्र फिरवून थांबू नये. अंगाजवळ धरून, हळू, नागमोडी फिरवत मान, दोन्ही खांदे व छाती पाहावी आणि मग यंत्राची दिशा बदलून तेच पुन्हा करावे. चिप यंत्राशी कोणत्या कोनात आहे यावर वाचन अवलंबून असते. धातूचा पट्टा आणि उतरलेली बॅटरी ही वाचन चुकण्याची आणखी दोन कारणे.

नोंद कोठे असते

भारतातला सर्वांत कच्चा दुवा हा आहे. श्वान पैदास व विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनी पैदासकाराला पिलांसह सर्व कुत्र्यांना चिप घालून तिची नोंद ठेवण्याचे बंधन घातले. आठ आठवड्यांखालील पिलू विकण्यासही मनाई केली. पण पिलू विकल्यानंतर मालक, पत्ता, फोन बदलला तर तो कोठे कळवायचा यासाठी सर्व देशाची एकच वैधानिक नोंदवही नाही. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना आणि १० जून २०२४ पासून मांजरांना चिप सक्तीची झाली. तेथील नियमांनी तपशील अद्ययावत ठेवण्याची जबाबदारीही पाळणाऱ्यावरच टाकली. आपल्याकडे क्रमांक बहुधा लसीकरणाच्या पुस्तिकेत चिकटवलेला राहतो आणि कुत्रा हरवतो तेव्हा पुस्तिका घरीच असते.

परदेशी जाणाऱ्या कुटुंबांना चिपेचा खरा हिसका क्रमामुळे बसतो. आधी चिप, मग रेबीजची लस. लसीनंतर चिप घातली असेल तर युरोपीय संघाच्या नियमांत ती लस धरलीच जात नाही, पुन्हा टोचावी लागते. भारतातून तेथे जाणाऱ्या प्राण्याची लसीनंतर किमान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्तचाचणी करावी लागते. प्रतिपिंडे प्रति मि.लि. किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकके भरली पाहिजेत आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. म्हणजे विमानाच्या तारखेपूर्वी चार महिने हातात नसतील तर वाट नाही. पुढे बूस्टरची तारीख चुकली की चाचणी नव्याने. रक्ताच्या नमुन्यावर, लसीच्या दाखल्यावर आणि मुंबईच्या प्राणी संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयातून मिळणाऱ्या निर्यात प्रमाणपत्रावर पंधराही अंक तंतोतंत सारखे हवेत. हाताने लिहिताना एक शून्य कमी पडणे ही नेहमीची चूक आहे, म्हणून स्टिकरच चिकटवून घ्यावा.

गुरांचा बिल्ला

गाई-म्हशींत चिपेऐवजी पिवळा प्लास्टिकचा बिल्ला वापरतात, कारण तो स्वस्त पडतो आणि स्कॅनरविना डोळ्यांनी वाचता येतो. बारा अंक ‘भारत पशुधन’ प्रणालीत मालकाच्या नावाशी जोडले जातात. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय बाजारातील खरेदी-विक्री व वाहतुकीवर निर्बंध आले. विम्यात तर ‘नो टॅग, नो क्लेम’ हा जुनाच खाक्या. बिल्ला कानाच्या मध्यभागी, ठळक शिरा टाळून मारावा. कडेला मारला की झुडपात, दोरीत अडकून कान फाटतो. पावसाळ्यात छिद्रावर माशी बसून अळ्या पडतात, म्हणून पहिले काही दिवस जखम रोज पाहावी लागते. बिल्ला पडल्यास नवा मारून प्रणालीत जुन्या क्रमांकाशी जोडून घ्यावा. गाय विकल्यावर मालकाचे नाव बदलून घेणे राहून गेले, तर ती मेल्यावर भरपाईच्या कागदावर आधीच्याच मालकाचे नाव निघते.