आगमनकाळ आणि नाताळ: डिसेंबरातले दोन वेगळे काळ

डिसेंबर लागला की घोडबंदर रस्त्यावरच्या मॉलमध्ये उंच झाडं उभी राहतात, दुकानांत चांदण्या आणि लाल टोप्या येतात आणि ठाण्यात सगळेच म्हणू लागतात, ‘नाताळ सुरू झाला’. त्याच दिवसांत मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये फादर जांभळी वस्त्रं घालून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करतात, आणि रविवार असूनही ‘ग्लोरिया’ हे स्तोत्र गायलं जात नाही. चर्चच्या हिशेबाने नाताळ अजून आलेला नसतो, आगमनकाळ चाललेला असतो. या दोन काळांची गल्लत इतकी रुळली आहे की आम्हा कॅथलिकांच्या घरांतही ती शिरली आहे. म्हणून हे नीट मांडावंसं वाटतं.

आगमनकाळ नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कुठेतरी येतो आणि कॅथलिक उपासना वर्ष तिथूनच सुरू होतं. त्या रविवारी पहिल्यांदाच मिस्सेला येणाऱ्याला नवल वाटेल, कारण शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या, वाचनात बाळ येशूचं नावही नसतं. प्रभू पुन्हा येणार आहे, कधी ते ठाऊक नाही, तेव्हा जागे राहा, असं तिथे वाचलं जातं. १६ डिसेंबरपर्यंत या पुनरागमनाचा सूर मोठा असतो. १७ तारखेपासून वाचनं बेथलेहेमच्या जन्माकडे वळतात. म्हणजे आगमनकाळात वाट दोन येण्यांची पाहायची असते: एक होऊन गेलेलं, एक व्हायचं.

मधल्या दोन रविवारांचा मुख्य माणूस म्हणजे योहान बाप्तिस्ता, ज्याच्या नावाने ठाण्यातलं हे चर्च उभं आहे. उंटाच्या केसांचं वस्त्र नेसणारा, टोळ आणि रानमध खाऊन राहणारा हा संदेष्टा प्रभूसाठी वाट तयार करा म्हणून ओरडतो. लोक त्याला विचारतात, मग आम्ही करायचं काय? लूकच्या शुभवर्तमानातलं त्याचं उत्तर अगदी साधं आहे. दोन अंगरखे असतील तर ज्याला नाही त्याला एक द्या, अन्नाचंही तसंच करा. जकातदारांना तो सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगतो, धाकदपटशाने पैसे उकळू नका, पगारात समाधान माना. सेलच्या पाट्या लागलेल्या महिन्यात हे वाचन कानावर पडतं तेव्हा मला ते फार थेट भिडतं. नाताळची तयारी कशी करायची, याचं याहून नेमकं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही. कपाटातला जादा अंगरखा आधी बाहेर काढायचा. नव्या कपड्यांचा विचार त्यानंतर.

जांभळ्या रंगामुळे काहींना हा उपवासकाळच, म्हणजे ईस्टरआधीचा पश्चात्तापाचा काळच, वाटतो. पश्चात्ताप इथेही आहे, नाताळच्या आधी कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, करायची रीत आहे, पण उपवासकाळात बंद असणारा ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष इथे थांबत नाही आणि तिसऱ्या रविवारी तर जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रं चालतात, कारण प्रभू जवळ आला याचा तो आनंद असतो. दर रविवारी एक मेणबत्ती लावायच्या, वेदीजवळच्या हिरव्या चक्रातली गुलाबी मेणबत्तीही त्याच दिवशी पेटते. हे चक्र आलं मात्र प्रोटेस्टंटांकडून. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न या ल्युथरन धर्मसेवकाने आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांना नाताळचे दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या.

नाताळ सुरू होतो २४ डिसेंबरच्या संध्याकाळी. संध्याकाळची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची अशा चार वेगवेगळ्या मिस्सा त्याला नेमलेल्या आहेत. वस्त्रं पांढरी होतात, ‘ग्लोरिया’ परत येतो आणि गोठ्याच्या देखाव्यातल्या, तोवर रिकाम्या ठेवलेल्या गव्हाणीत बाळाची मूर्ती ठेवली जाते. असा गोठा उभारायची प्रथा असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात केलेल्या देखाव्यापासून पसरली. त्यानंतर शंभर वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १३२१ साली, त्यांच्याच संन्यासी संघाचे टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे सोबती आपल्या ठाण्यात हुतात्मे झाले. गोठ्यापुढे उभं राहताना हे नातं ठाणेकराने आठवावं असं मला वाटतं.

पण सणाचा गाभा मला दिसतो तो मिस्सेतल्या एका लहानशा कृतीत. श्रद्धेच्या अंगीकारात, म्हणजे सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीत, देवपुत्र मरियेच्या उदरी मानव झाला, या शब्दांशी एरवी आम्ही मस्तक लववतो. नाताळच्या मिस्सेत त्याच शब्दांशी सगळे गुडघे टेकतात. देव आपल्यासाठी गरिबाघरचं मूल झाला, त्याला उतरायला जागासुद्धा मिळाली नाही, हे खरं मानलं तर दुसरं काय करणार?

आणि हा सण २५ तारखेला संपत नाही. त्याची अष्टमी, म्हणजे आठ दिवसांचा उत्सव, १ जानेवारीला, देवमाता मरियेच्या सणाने पूर्ण होते. २६ तारखेला पहिला हुतात्मा संत स्तेफन, २८ तारखेला हेरोद राजाने मारलेली निरपराध बालकं. जन्माच्या आनंदाला लागूनच हे रक्त ठेवलेलं आहे, आणि ते कुठल्याच शुभेच्छापत्रावर येत नाही. मग बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा सण आणि शेवटी प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण. बाजारात मात्र २६ तारखेलाच नव्या वर्षाच्या पाट्या लागतात. महिनाभर रिकाम्या मखरापुढे आरत्या म्हणाव्यात आणि चतुर्थीच्या संध्याकाळीच मखर मोडावं, तसं हे होतं.

खरेदी किंवा फराळ यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडचे मूळचे कॅथलिक) आणि गोवन घरांत डिसेंबरात करंज्या आणि कलकल हा तळलेला गोड पदार्थ करायला सगळी बसतात, मुलं काट्यावर कलकल वळतात. येणाऱ्यासाठी घर सज्ज करण्याचं ते काम आहे, आणि ते वाट पाहण्यात बसतंच. बिघडतं ते वाट पाहणंच गाळलं जातं तेव्हा. डिसेंबरभर पार्ट्या, केक आणि भेटवस्तू झाल्या की मुलं २५ तारखेपर्यंत कंटाळलेली असतात, आईवडील खर्चाने दमलेले असतात, आणि गव्हाणीत बाळ आलं तेव्हा पाहायला मन उरत नाही. लहान मुलांच्या घरी मी एवढंच सुचवेन: गोठा आधी उभारा, पण बाळाची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत बाजूला ठेवा. मुलं रोज विचारतील. विचारू द्या.

शेजाऱ्यांसाठीही एक सांगणं. दिवाळीचा फराळ ज्या घरातून येतो तिथे नाताळचं ताट जातं, ही ठाण्यातल्या अनेक इमारतींची जुनी देवघेव. २५ ला यायला जमलं नाही, आता नाताळ गेला, असं समजून संकोचू नका. ३० डिसेंबरला या, तीन राजांच्या रविवारी या. गोठा जागेवर असेल आणि ‘नाताळच्या शुभेच्छा’ तेव्हाही वेळेवरच ठरतील.