ढेकूणबंद खोळ

गादीला सहाही बाजूंनी वेढून चेनने बंद होणारे कापडी आवरण. गादीत असलेले ढेकूण आतच कोंडावेत आणि बाहेरच्यांना तिच्या शिवणीत घर करता येऊ नये, एवढेच या खोळीचे काम. बटणांची नेहमीची खोळ या कामाची नाही. प्रौढ ढेकूण जेमतेम ५ मिलिमीटरचा आणि कागदासारखा चपटा, पिल्लू तर दीड मिलिमीटरचे. दोन बटणांमधली फट म्हणजे त्यांना वेशीचा दरवाजाच.

खरी परीक्षा चेनच्या टोकाशी होते. रनर शेवटपर्यंत ओढला तरी तिथे बारीक भोक उरते. चांगल्या खोळीत ते कापडी पट्टीखाली झाकलेले असते, नसेल तर सुईदोऱ्याने शिवून टाकावे. लोखंडी पलंगाच्या कोपऱ्याला घासून खोळ फाटते ती वेगळीच.

मराठवाड्यात ढेकणांवरचा जुना इलाज ऊन. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की गच्च्या गाद्यांनी भरतात. पण ढेकूण आणि अंडी खात्रीने मारायला गादीच्या गाभ्यापर्यंत ५० अंशांच्या आसपास उष्णता लागते. कापसाची जाड गादी वरून चटका देते, आत कोमटच असते. ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात आणि संध्याकाळी गादीबरोबर घरात येतात. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणला, पण खोळ जुनीच चढवली, तर शिवणीतली अंडीही परत आली.

कोंडलेला ढेकूण लगेच मरत नाही. उन्हाळ्यात उपाशी काही महिने, थंडीत त्याहून बराच जास्त टिकतो. म्हणून खोळ वर्षभर उघडायची नाही. दिवाळीच्या आवराआवरीत हाच नियम मोडतो.

गादीबाहेरच्या ढेकणांना खोळ काहीच करत नाही. पलंगाचे सांधे, भिंतीच्या भेगा, दाराची चौकट हे सगळे वेगळे बघावे लागते. बाजेवर वाकळ टाकून निजणाऱ्या घरात तर ती निरुपयोगीच. तिथे सुतळीवर उकळते पाणी ओतणे आणि वाकळ उकळून काढणे हेच बरे. लातूरला शिकवणीसाठी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, आधीच्या मुलाची गादी वापरणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ती उपयोगी पडते.

खोळ पांढरी घ्यावी. नवा ढेकूण आला की कडेला शाईच्या टिपक्यासारखे काळे ठिपके दिसतात. ओले बोट फिरवले की ते तांबूस पसरतात.