पाणी साठलंय म्हणून ते टाकं नव्हे

गडावर पाण्याने भरलेला चौकोनी खड्डा दिसला की फोटोखाली ‘प्राचीन टाकं’ लिहून मोकळं व्हायचं, हे आता थांबायला हवं. त्यातले कितीतरी खड्डे म्हणजे तटासाठी दगड काढलेल्या खाणी आहेत.

टाकं म्हणजे पाणी साठवायला कातळात कोरलेला हौद, हे भटक्यांना सांगायला नको. शिवनेरीची गंगा-जमुना, नाणेघाटातली, कान्हेरीची टाकी सगळ्यांनी पाहिलेली असतात. पाण्यावरून मात्र काहीच ठरत नाही. सलग कातळातल्या खाणीतही पावसाचं पाणी महिनोन्‌महिने टिकतं आणि तडा गेलेलं टाकं दिवाळीतच कोरडं पडतं.

भिंत वाचायची. बेसाल्ट फोडताना पाथरवट आधी कातळातल्या मूळच्या भेगा शोधतो. जिथे भेग नाही तिथे हव्या त्या रेषेत छिन्नीने छोट्या आयताकृती खाचा ओळीने पाडतो, त्यांत पाचरी बसवतो आणि घणाने आळीपाळीने ठोकत जातो. कातळ त्या रेषेवर उलतो. प्रत्येक खाचेचा अर्धा भाग चिऱ्याबरोबर जातो, अर्धा जागेवर राहतो. खाणीच्या काठाला दिसणारी दातेरी किनार ती हीच. आतली भिंत चिरा सुटला तशीच खडबडीत, तळ वरखाली, एखादी बाजू दगड बाहेर ओढायला उघडी. टप्पे असतात, पण त्यांना कृपा करून पायऱ्या म्हणू नका. कंबरेएवढ्या उंचीच्या पायऱ्या कोणी पाणी भरायला कोरत नाही.

टाक्याच्या भिंतीवर शेवटचा हात फिरलेला असतो. छिन्नीचे बारीक, जवळजवळ घाव, साधलेले कोपरे, काठाशी पाणी आत आणणारी पन्हळ.

घोळ होतो तो तिसऱ्या प्रकारात. गडाला दगडही हवा होता आणि पाणीही, त्यामुळे एकाच खड्ड्यातून दोन्ही गरजा भागवल्या गेल्या. काठावर दातेरी किनार आणि खाली नीट तासलेली भिंत असेल, तर आधी खाण, मग टाकं. नोंदीत तसंच लिहा, ‘खाणीचं टाकं’. एकच नाव निवडण्याचा हट्ट मला मुळीच पटत नाही, त्यात अर्धा इतिहास पुसला जातो.

बाकीचं सोपं आहे. लांब अंतरावरचे खोल, सुटे खळगे खांबांचे. कातळाच्या उभ्या अंगावर अर्धी नळी चिरल्यासारखी गोल पन्हळ दिसली तर ती सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची. ती शिवकाळाच्या नावावर खपवू नका. आणि पाचरीच्या खाचा म्हणजे घोड्याच्या टापा नव्हेत. टापा अशा सरळ रेषेत, सारख्या अंतरावर उमटत नाहीत.

पुढच्या वेळी खाचांची रुंदी आणि अंतर मोजून घ्या आणि जवळच्या बुरुजाचे चिरे निरखा. एखाद्याच्या कडेला त्याच मापाच्या अर्ध्या खाचा सापडल्या, तर तो चिरा याच खड्ड्यातून वर आला असण्याची दाट शक्यता आहे.