सायबर विमा आणि 'पैसे तुम्हीच पाठवलेत' हा वाद

सायबर हल्ल्यांमुळे होणारे नुकसान भरून देणाऱ्या सायबर विम्याच्या पहिल्या पॉलिसी १९९० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत निघाल्या. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम ४३अ आले आणि ग्राहकांची संवेदनशील माहिती निष्काळजीपणाने फुटली तर भरपाईची जबाबदारी कंपन्यांवर पडली. तरीही कोल्हापूरच्या छोट्या कारखानदाराचा विमा शेड, मशिनरी आणि मालापुरताच राहिला. २०१९ च्या महापुरानंतर आगीच्या पॉलिसीतून पुराची भरपाई मागता आली ती भिजलेल्या कॉम्प्युटरची. त्यातल्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या डेटाला मालमत्ता म्हणून किंमत नव्हती.

दरम्यान सगळा व्यवहार पडद्यावर गेला होता. २०१६ ची नोटाबंदी, पाठोपाठ यूपीआयचा प्रसार, १ जुलै २०१७ पासून जीएसटी. त्याच वर्षी जूनमध्ये एका जागतिक सायबर हल्ल्याने न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या एका सहकारी बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले आणि त्यातली काही रक्कम बनावट कार्डांनी कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाली. गुजरीच्या सराफ बाजारापासून शिरोली एमआयडीसीपर्यंत सायबर हल्ला हा बोलण्याचा विषय झाला.

छोट्या उद्योगाला घाम फोडणारी फसवणूक मात्र कुठलेही कुलूप न तोडता होते. फौंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) अकाउंटंटला नेहमीच्या पुरवठादाराची मेल येते. बिल तेच, लेटरहेड तेच, फक्त 'आमचे बँक खाते बदलले आहे' अशी ओळ जास्त. पत्त्यातल्या इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी टाकलेले असतात. मोबाईलवर ते कळतही नाही. मालक ओटीपी सांगतो, आरटीजीएस होते. खरा पुरवठादार पैशासाठी फोन करतो तेव्हा उलगडा होतो.

याला विम्याच्या भाषेत चोरी म्हणून भरपाई द्यायची का? अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २०१६ मध्ये नाही म्हटले: मेल हा फसवणुकीचा एक टप्पा होता, पैसे कंपनीने स्वतः पाठवले. २०१८ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने उलट निकाल दिला. तिथला दावेदार मिशिगनमधला टूल अँड डाय (अवजारे आणि साचे) बनवणारा कारखाना होता. चिनी पुरवठादाराच्या नावाने आलेल्या मेलवर विसंबून त्याने सुमारे ८ लाख ३४ हजार डॉलर पाठवले होते. आपल्या उद्यमनगरातल्या कारखानदाराला हे प्रकरण परके वाटणार नाही.

या वादानंतर विमा कंपन्यांनी अशा फसवणुकीचे कव्हर वेगळे काढले. त्याची मर्यादा बहुतेकदा मुख्य विमा रकमेच्या छोट्या हिश्श्याइतकी असते, आणि खातेबदलाची खात्री जुन्या नंबरवर फोन करून घेतली होती का, हा प्रश्न दाव्याच्या वेळी निघतो. बँकेकडेही दाद मिळणे कठीण. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाला तोशीस नाही, पण ते अनधिकृत व्यवहारांसाठी. इथे ओटीपी मालकाचाच. दोन्ही दारांवर तेच उत्तर: पैसे तुम्हीच पाठवलेत. प्रीमियम भरणाऱ्या लहान माणसावर हा सरळ अन्याय आहे, कारण कव्हर विकताना ही मर्यादा त्याला क्वचितच समजावली जाते.

२०२१ मध्ये विमा नियामकाने सायबर पॉलिसीच्या रचनेबाबत मार्गदर्शन दिले, ते वैयक्तिक ग्राहकांसाठी. धंद्याच्या पॉलिसीचा मसुदा कंपनीगणिक बदलतो.

जबाबदाऱ्या मात्र वाढत गेल्या. एप्रिल २०२२ च्या आदेशाने ठरावीक सायबर घटना सहा तासांत सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवणे बंधनकारक झाले. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी लागू होतील. गुजरीतल्या सराफाकडे ग्राहकांचे पॅन आणि मोबाईल नंबर साठलेले असतात, त्यामुळे तोही या कायद्याच्या कक्षेत येतो. पैसे गेल्यावर १९३० या हेल्पलाइनवर लगेच केलेली तक्रार ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवायला उपयोगी पडते. विम्याच्या दाव्यालाही त्याच तक्रारीचा कागद जोडावा लागतो.