‘पितॅऽ’चा अर्थ शेजारच्या शब्दात

फिनिश भाषेत ‘किर्या’ म्हणजे पुस्तक. आता ही तीन वाक्यं पाहा. ‘पिदॅन किर्यान’ म्हणजे पुस्तक मी ठेवून घेतो. ‘पिदॅन किर्याऽ’ म्हणजे मी नोंदी ठेवतो (हिशेबलेखनाला ‘किर्यानपितो’ म्हणतात ते यावरूनच). आणि ‘पिदॅन किर्यास्ता’ म्हणजे मला पुस्तक आवडतं. क्रियापद तिन्हीकडे ‘पितॅऽ’ हेच, ‘मी’बरोबर त्याचं ‘पिदॅन’ होतं. बदलला तो फक्त पुस्तकाला लागलेला प्रत्यय.

‘पितॅऽ’चा गाभा ‘धरणे, ठेवणे’ हा आहे. पण फिनिश माणूस याच क्रियापदाने टोपी घालतो, भाषण करतो, वचन पाळतो, दुकान चालवतो, सुट्टी घेतो. मत या अर्थाच्या ‘मिएलिपिदे’ या शब्दातला ‘पिदे’ही याच मुळातला, ‘मिएलि’ म्हणजे मन. बर्फावर स्की घसरू नये म्हणून तळाला फासायच्या मेणाला ‘पितोवोइदे’ म्हणतात. तिथे पकडीचा अर्थ अगदी शाबूत आहे.

फिनिशमध्ये पंधरा विभक्त्या आहेत. कोणतं क्रियापद कोणती विभक्ती मागतं, याला तिथल्या व्याकरणात ‘रेक्तिओ’ म्हणतात आणि परदेशी विद्यार्थ्यांची निम्मी झोप तोच उडवतो. ‘पिदॅन सिनुस्ता’ म्हणजे ‘तू मला आवडतोस’. ‘पिदॅन सिनुआ युस्तॅवॅनॅ’ म्हणजे ‘तुला मी मित्र मानतो’. नुसतं ‘पिदॅन सिनुआ’ म्हणून थांबलात, तर समोरचा वाट पाहत राहील: मला काय मानतोस, की हाताला धरतोस? आवडीचा ‘-स्ता’ हा प्रत्यय एरवी ‘आतून बाहेर’ दाखवतो. घरातून, पेटीतून या अर्थाने. आवडीशी त्याचा काय संबंध, असं वाटेल. पण स्वीडिशमध्येही ‘धरणे’ या क्रियापदाला ‘पासून’ या अर्थाचा शब्द जोडला की ‘जीव असणे’ असा अर्थ होतो. आणि फिनलंड 1809 पर्यंत कित्येक शतकं स्वीडनच्या राज्यात होतं. हे साम्य निव्वळ योगायोगाचं वाटत नाही.

मराठी वाचकाला खरी गंमत वाटेल ती पुढच्या अर्थात. ‘मिनुन पितॅऽ लॅह्तेॲ’ म्हणजे ‘मला निघायला हवं’. इथे ‘मी’ कर्ता राहत नाही आणि क्रियापदही त्याचं ऐकत नाही. मला, तुला, आम्हाला कुणालाही जावं लागलं तरी आपलं ‘लागतं’ जसं हलत नाही, तसंच ‘मिनुन’, ‘सिनुन’, ‘मेइदॅन’ यांपुढे ‘पितॅऽ’ जागचं हलत नाही. आजच्या फिनिशमध्ये ‘मिनुन’चा अर्थ ‘माझं’ असा होतो. पण या रचनेतला ‘-न’ मुळात ‘-ला’सारखा, दिशा दाखवणारा होता, असं अभ्यासक मानतात. म्हणजे दोन वेगळ्या भाषाकुळांनी सक्तीसाठी एकच युक्ती काढली: करणाऱ्याला कर्तेपदावरून उतरवायचं. याचा भूतकाळही ओळखीचा आहे. ‘मिनुन पिति सोइत्ताऽ’ म्हणजे ‘मला फोन करायचा होता’. फोन झाला नाही, हे बहुधा न सांगताच कळतं.

एकाच शब्दावर एवढं ओझं का? जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने 1945 मध्ये दाखवलं की शब्द जितका वापरातला, तितके त्याला अर्थ जास्त. मग डोकं गोंधळत कसं नाही? जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये इंग्रजी शब्दांवर केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. एकमेकांशी नातं नसलेले अर्थ एका रूपात आले, तर तो शब्द ओळखायला माणसाला किंचित जास्त वेळ लागतो. अर्थ एकमेकांत गुंतलेले असले, तर उलट ओळख जलद होते. ‘धरणे’, ‘ठेवणे’, ‘मानणे’ हे दुसऱ्या जातीचे अर्थ. आपणही ‘गृहीत धरतो’ आणि ‘मान ठेवतो’, तेव्हा हाताने काही धरत नसतो.

मुलं हे कसं शिकतात, याबद्दल मायकेल टोमासेलो यांचं काम मला सर्वांत पटतं. त्यांनी आपल्या मुलीच्या दुसऱ्या वर्षातल्या बोलण्याची रोजनिशी ठेवली आणि 1992 मध्ये त्यावर लिहिलं. मूल आधी सर्वसाधारण नियम शिकत नाही, प्रत्येक क्रियापद त्याच्या ऐकलेल्या चौकटीसकट उचलतं, असा त्यांचा निष्कर्ष. मोठेपणी फिनिश शिकणाऱ्याने शब्दकोशातली ‘पितॅऽ’पुढची यादी घोकण्यापेक्षा ‘-स्ता पितॅऽ’ हाच एक शब्द समजावा, ‘मिनुन पितॅऽ’ हा दुसरा. चांगले शिक्षक प्रश्नही तसेच विचारतात: ‘मिस्तॅ पिदॅत?’, तुला काय आवडतं? उत्तराचा प्रत्यय प्रश्नातच दिलेला असतो.

रोजच्या बोलण्यात मात्र आवडीसाठी ‘तुक्कॅॲन’ हे स्वीडिशवरून आलेलं क्रियापदच जास्त ऐकू येतं. फेसबुकच्या फिनिश ‘लाइक’वरही तेच आहे. तेही ‘-स्ता’च मागतं, म्हणजे घोकलेलं वाया जात नाही. एस्टोनियन ही फिनिशची सख्खी बहीण, तिच्यात हेच क्रियापद ‘पिदामा’ म्हणून नांदतं. वर्तमानकाळात ‘मी धरतो’ आणि ‘मला हवं’ दोन्हीला ‘मा पेआन’. भूतकाळात मात्र वाटा फुटल्या आहेत: धरलं तर ‘पिदासिन’, करावं लागलं तर ‘पिदिन’.