व्यसनाच्या उपचाराला बाईला नवऱ्याची सही लागत नाही

दारू, झोपेच्या गोळ्या, कफ सिरप, कशाचंही व्यसन असो, सज्ञान बाई स्वतःच्या सहीने दाखल होऊ शकते. नवऱ्याची संमती लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये दारू-अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकारही येतात. वय 18 पूर्ण आणि उपचार कशाचा ते कळतंय, एवढं पुरे. ती घरी जाते म्हणाली तर सोडावं लागतं. डॉक्टरांना गरज वाटली तर तपासणीपुरतं फार तर 24 तास थांबवता येतं.

सुरुवात कुठून? जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केसपेपर काढा आणि मनोविकार ओपीडी विचारा. खिडकीवर 'व्यसन' हा शब्द उच्चारायची गरज नाही, 'झोप येत नाही' म्हटलं तरी चालतं. 'लोके काय म्हनतीन' या धाकानेच निम्म्या बाया रांगेतून परत फिरतात, म्हणून हे सांगितलं. धडगाव-अक्कलकुव्यासारख्या लांबच्या गावांकडच्यांनी आधी 14446 (व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन) किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करावा, पैसे पडत नाहीत. ओळखीच्या गावात नकोच असेल, तर पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

कुठलंही केंद्र निवडा, पण फोनवरच विचारून घ्या: बायकांचा वॉर्ड वेगळा आहे का, रात्रपाळीला बाई कर्मचारी असते का, खर्च किती.

सोबत आधार, रेशन कार्ड, दोन फोटो, जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. पाकिटं विसरू नका, डॉक्टरांना तीच जास्त कामाची. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला सरकारी आणि सरकारी अनुदानाच्या मानसिक आरोग्य केंद्रात उपचार मोफत आहेत, पिवळं कार्ड हातात नसलं तरी.

आणखी एक कागद घरूनच करून ठेवा. आपल्या वतीने बोलणारा 'नामनिर्देशित प्रतिनिधी' कोण, हे साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा करता येतो. आई, बहीण, मैत्रीण, कोणीही सज्ञान माणूस चालतं. प्रकृती फार ढासळून स्वतः निर्णय घेता आला नाही, तर याच प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासल्यावर, 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं. रुग्ण बाई असेल तर दाखल केल्याची खबर तीन दिवसांत मानसिक आरोग्य मंडळाला (अशा दाखल करण्यावर देखरेख ठेवणारं, कायद्याने नेमलेलं मंडळ) द्यावी लागते. पुरुषाच्या बाबतीत सात.

तीन वर्षांखालचं लेकरू असेल, तर उपचार चालू असताना त्याला आईपासून सहसा तोडता येत नाही. हे दाखल होतानाच सांगा.

मिश्री-तंबाखूसाठी दाखल व्हायची वेळ सहसा येत नाही. त्यासाठी 1800-11-2356 हा फोन आहे.

आणि रोजची दारू असेल, तर दवाखान्यात जायच्या आधी 'शहाणपणा' म्हणून ती घरीच एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. पोटुशी असाल तर पहिल्या वाक्यातच डॉक्टरांना सांगा, काही गोळ्या तेव्हा चालत नाहीत.